चार माणसं, एक तास आणि बावन्न पानं

पिंपळे सौदागरमध्ये घरातली सगळी माणसं एका वेळी एका खोलीत सापडणं हीच पहिली अडचण असते. चिंचवड-भोसरीच्या एमआयडीसीतल्या अनेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, हिंजवडीला जाणाऱ्यांना शनिवार-रविवारी, मुलांना रविवारी. चाकणची कंपनीची बस पकडणारा माणूस पहिल्या पाळीला असेल तर पहाटेच बाहेर पडलेला असतो, आणि दुसऱ्या पाळीला असेल तर मुलं झोपल्यावर घरी येतो. ज्या रात्री सगळे जेवायला एकत्र असतात, नेमका त्याच रात्री कोणाचा तरी परदेशातला कॉल असतो. अशा घरात 'या रे, सगळे मिळून खेळू' एवढ्यानं काम भागत नाही.

मग होतं काय? सुट्टीत मॉलमधून मोठा रंगीत डबा येतो. रविवारी तो उघडतो, नियमपुस्तिका वाचण्यात अर्धा तास जातो. धाकटा कंटाळतो, आजोबा उठून बातम्या लावतात आणि डबा माळ्यावर जातो. खेळात खोट नसते. त्या संध्याकाळी समोर कोण बसलं आहे आणि हातात वेळ किती आहे, हे पाहून खेळ निवडलेला नसतो, एवढंच. आधी माणसं पाहा, मग घड्याळ, आणि शेवटी खेळ ठरवा. हा क्रम पाळला तर घरात पडून असलेला पत्त्यांचा एक कॅटसुद्धा वर्षानुवर्षं पुरतो.

माणसं मोजा, मग पानं वाटा

आपल्याकडच्या पत्त्यांच्या खेळांची मोठी सोय अशी की जवळपास प्रत्येक संख्येसाठी एक खेळ आहे. तिघांच्या खेळात चौथ्याला ओढूनताणून बसवलं की खेळ बिघडतो. म्हणून आपल्या घरासाठी निदान एकेक खेळ पक्का करून ठेवा.

दोघंच असतील, आणि त्यातलं एक लहान असेल, तर भिकार-सावकार. दोघांत पानं अर्धी अर्धी वाटायची आणि न बघता वरचं पान टाकत जायचं. जुळणारं पान पडलं की खालचा ढीग टाकणाऱ्याचा. डोकं चालवावं लागत नाही, त्यामुळे कामावरून दमून आलेला बापही हा खेळ खेळू शकतो. दोघं मोठे असाल तर सात-आठ. तीस पानं, दोघांत पंधरा हात. एकानं आठ करायचे, दुसऱ्यानं सात.

तिघांसाठी पाच-तीन-दोनला तोड नाही. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंतची चारही रंगांची अठ्ठावीस पानं घ्यायची आणि त्यात इस्पिक व बदाम यांच्या सत्त्या घालून तीस करायची. प्रत्येकाला आधी पाच पानं वाटायची. ज्याला पाच हात करायचे आहेत तो ही पाच पानं पाहून हुकूम बोलतो, मग उरलेली पाच-पाच वाटायची. वाटणाऱ्यानं दोन हात करायचे, तिसऱ्यानं तीन. पुढच्या डावात भूमिका फिरतात. खरी गंमत 'ओढण्या'त आहे. गेल्या डावात ज्यानं जास्त हात केले, तो कमी केलेल्याच्या हातातलं एक पान न बघता ओढतो आणि आपलं नको असलेलं पान त्याला देतो. एक डाव दहा मिनिटांत संपतो. आई-बाबा आणि एक मूल असं घर असेल आणि मूल नऊ-दहा वर्षांचं असेल, तर हाच खेळ पहिला शिकवा. पाच पानांवरून पुढचा अंदाज बांधायची सवय इथेच लागते.

चौघं जमले की मेंढीकोट. समोरासमोर बसलेले भिडू, तेरा-तेरा पानं, आणि सगळी मारामारी चार दश्श्यांसाठी. तीन किंवा चार दश्श्या ज्यांच्या हातांत आल्या ते जिंकले. दोन-दोन झाल्या तर सात किंवा त्याहून जास्त हात करणारी जोडी जिंकते. चारही दश्श्या मिळवल्या तर मेंढीकोट झाला. कोकणातलं कुटुंब असेल तर कदाचित तीनशेचार चालत असेल. त्यात सत्तीपासून वरची बत्तीस पानं लागतात आणि गुलाम सगळ्यांत मोठा असतो. गुलामाचे ३०, नव्वीचे २०, एक्क्याचे ११, दश्शीचे १०, राजाचे ३ आणि राणीचे २ गुण. एका रंगाचे ७६ होतात, चार रंगांचे ३०४. बेरीज पक्की करायला सहावी-सातवीतल्या मुलाला याहून चांगला गृहपाठ नाही.

पाच ते आठ जण असतील तर पर्याय भरपूर. बदाम सात सगळ्यांत सोपा: बदाम सत्ती ज्याच्याकडे असेल त्यानं सुरुवात करायची, मग दोन्ही बाजूंनी क्रमानं पानं लागत जातात. झब्बूत उतारीच्या रंगाचं पान नसलेला माणूस दुसऱ्याला झब्बू देतो आणि त्या रंगाचं मोठं पान टाकलेल्यानं ते सगळे पत्ते उचलायचे. लक्ष आणि आठवण ताणायची असेल तर नॉट ॲट होम खेळा. कोणी कोणाकडे काय मागितलं हे ज्याच्या ध्यानात राहतं तो जिंकतो, आणि त्यात मुलं मोठ्यांना हमखास हरवतात. मोठी मुलं असतील तर जजमेंट. प्रत्येकानं आपले किती हात होतील ते आधी बोलायचं, आणि शेवटी बोलणाऱ्याला असा आकडा बोलता येत नाही की सगळ्यांची बेरीज बरोबर जुळेल. म्हणजे प्रत्येक डावात निदान एक जण तरी पडणारच.

नियम वाटपाआधी, वाद वाटपानंतर नको

पिंपळे सौदागरच्या एका मजल्यावर चार दारं असतील तर चार जिल्हे निघतील. एकच खेळ लातूरला वेगळा चालतो, जळगावला वेगळा आणि साताऱ्याला तिसऱ्याच पद्धतीनं. घरातही तेच. सुनेच्या माहेरी बंद हुकूम, म्हणजे एक पान पालथं बाजूला ठेवायचं आणि वेळ आली की उघडायचं. सासरी कट हुकूम, म्हणजे उतारीचा रंग ज्याच्याकडे पहिल्यांदा नसेल, त्यानं टाकलेल्या पानाचा रंग हुकूम. दोन्ही बरोबर आहेत. भांडण होतं ते डाव अर्ध्यावर आल्यावर हा फरक कळतो म्हणून.

यावर उपाय म्हणजे एक साधी वही. तिच्यात 'आपल्या घरचे नियम' लिहून ठेवा. निदान एवढे प्रश्न आधी सोडवून टाका:

• मेंढीकोटात हुकूम बंद की कट?
• बदाम सातमध्ये लावण्यासारखं पान हातात असताना 'पास' म्हणता येईल का? अडवून धरणं हा डावपेच की लबाडी?
• झब्बू पहिल्याच हातात देता येतो का?
• टाकलेलं पान परत उचलता येतं का? लहानांना सूट द्यायची असेल तर कोणत्या वयापर्यंत?
• ल्युडोत सलग तीन वेळा सहा पडले तर काय?
• खेळ कधी संपणार: वेळेवर, गुणांवर की डावांच्या संख्येवर?

नियम बदलायचा असेल तर पुढच्या बैठकीला बदला, चालू डावात नाही. वहीत लिहिण्याचं काम घरातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाकडे द्या. ज्यानं नियम लिहिला आहे तो तो मोडत नाही, आणि दुसऱ्यालाही मोडू देत नाही.

आजी आणि नातू एकाच डावात

वयाचं अंतर खेळाच्या आड येतं ते बहुधा बुद्धीमुळे नाही, तर सोयीमुळे. आजोबांना चौकट आणि बदाम ट्यूबलाइटच्या उजेडात सारखेच दिसतात. बाजारात मोठ्या आकड्यांचे कॅट मिळतात, ते घ्या. पूर्ण प्लॅस्टिकचे पत्ते थोडे महाग पडले तरी टिकतात आणि पुसता येतात. दिवा खेळणाऱ्यांच्या पाठीमागे नको, टेबलावर थेट उजेड पडायला हवा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सतरंजीवर बसवू नका, डायनिंग टेबल घ्या.

लहान मुलाच्या मुठीत तेरा पानं मावत नाहीत, आणि सांधेदुखी असलेल्या आजीच्या हातातही ती नीट धरवत नाहीत. कपडे धुण्याचा नवा ब्रश केस वर करून टेबलावर ठेवा आणि त्यात पानं उभी खोचा. समोरून फक्त पाठ दिसते, हात मोकळे राहतात.

वयानुसार खेळ असे चढवत न्या. चार-पाच वर्षांच्या मुलासोबत बावन्नऐवजी वीस पानं पालथी मांडून जोड्या शोधायच्या. पाच-सहाव्या वर्षी गुलामचोर: एक गुलाम कॅटमधून काढून ठेवायचा, जोड्या टाकत जायच्या, शेवटी ज्याच्या हाती बिनजोडीचा गुलाम उरला तो चोर. सात-आठला बदाम सात. नऊ-दहाला पाच-तीन-दोन. बाराच्या पुढे मेंढीकोट आणि जजमेंट.

मुलाला मुद्दाम जिंकू देऊ नका. मुलांना ते कळतं, आणि मग खऱ्या जिंकण्यालाही किंमत उरत नाही. सवलत द्यायचीच तर उघड द्या. 'तुला दोन हात कमी केले तरी चालतील', किंवा 'तू आजीच्या जोडीनं खेळ'. जोडीनं खेळणं सगळ्यांत उत्तम. पान कोणतं टाकायचं हे मूल ठरवतं, का टाकायचं हे आजी सांगते.

फरशीवर आखा पट

काही विकत न आणता खेळायचा सर्वांत चांगला खेळ म्हणजे पाच बाय पाच घरांचा पट. आपल्याकडे कुठे तो चौकाबारा म्हणून खेळतात, कुठे चल्लस-आठ म्हणून. फरशीवर खडूनं पंचवीस घरं आखा. चारही बाजूंची मधली घरं आणि अगदी मधलं घर, अशा पाच घरांत फुली मारा. फुलीच्या घरात कोणी कोणाला मारू शकत नाही. प्रत्येकाच्या चार सोंगट्या आपापल्या बाजूच्या फुलीतून निघतात. आधी बाहेरची सोळा घरं फिरायची, मग आतली आठ उलट दिशेनं, आणि शेवटी मध्यात पोचायचं. बऱ्याच घरांत असा नियम असतो की दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरता येत नाही. हा नियम ठेवा, नाहीतर सगळे सावधपणे चालत राहतात आणि खेळाला रंग चढत नाही.

फाशांऐवजी चार कवड्या वापरतात. जितक्या उताण्या पडतील तितकी घरं, सगळ्या पालथ्या पडल्या तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायच्या. कवड्या नसतील तर दोन चिंचोके फोडून त्यांच्या चार फाका करा, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. सोंगट्यांसाठी बटणं, शेंगदाणे, राजमा, चण्याची डाळ, काहीही चालतं. पहिलीतल्या मुलापासून पंच्याऐंशीच्या आजीपर्यंत सगळे बरोबरीनं खेळू शकतात, कारण निम्मा खेळ नशिबाचा आहे आणि निम्मा कोणती सोंगटी पुढे काढायची या निवडीचा.

पटाशी आपलं नातं जुनं आहे. वेरूळच्या २१ व्या, रामेश्वर लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत. लेणी पाहायला जाल तेव्हा मुलांना ते शिल्प दाखवा. जेजुरीच्या खंडोबाची कथा तर आपल्याच जिल्ह्यातली. म्हाळसेशी सारीपाटात हरला आणि बोलल्याप्रमाणे घर सोडून बाणाईच्या वाड्यात मेंढरं राखायला गेला. खेळण्याआधी पैज काय लावतो याकडे देवानंही लक्ष द्यायला हवं होतं.

सापशिडीशी परंपरा ज्ञानेश्वरांचं नाव जोडते. जुन्या मोक्षपटात शिड्या सद्गुणांच्या होत्या आणि साप दुर्गुणांचे. मुलांना ड्रॉइंगचा मोठा कागद देऊन आपल्या घराचा पट करायला सांगा. 'पाण्याचा नळ चालू ठेवला' याचा साप कुठे असावा, हे त्यांना बरोबर ठरवता येतं. आपल्या शहरात २०१९ च्या नोव्हेंबरपासून पाणी दिवसाआड येतं. तेव्हा तो साप चांगला लांब काढा.

विकतचा डबा घेण्यापूर्वी

बाजारातले नवे खेळ चांगले आहेत, पण डब्यावरच्या चित्रावरून घेऊ नका. चार गोष्टी पाहा: खेळाडूंची संख्या, लागणारा वेळ, किमान वय आणि भाषा. डब्यावर 'तीन ते चार' लिहिलं असेल तर पाच जणांच्या घरात रोज एकाला प्रेक्षक व्हावं लागेल. कतान हा जर्मनीत १९९५ मध्ये निघालेला खेळ त्यातलाच. धान्य, लोकर, विटा यांची देवाणघेवाण त्यात छान होते, पण मूळ संच तीन-चार जणांचाच. दोघांसाठी आणि चौघांसाठी चालणारा, वाचावं न लागणारा खेळ हवा असेल तर रंगीत फरशा जुळवण्याचा अझुल पाहा. हरलं की फरशीवर लोळणारं मूल घरात असेल तर पॅन्डेमिक घ्या. त्यात सगळे मिळून रोगाच्या साथीशी लढतात. जिंकले तर सगळे, हरले तरी सगळे.

'व्यापार' बहुतेक घरांत असतोच. या जातीच्या खेळांचं मूळ अमेरिकेतल्या लिझी मॅगी यांच्या पटात आहे. जमीन मोजक्यांच्या हाती गेली की बाकीचे भाडं भरून कसे संपतात, हे दाखवण्यासाठी त्यांनी तो तयार केला आणि १९०४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. शेतं जाऊन टॉवर उभे राहिलेल्या आपल्या भागात हा धडा मुलांना वेगळा समजवावा लागत नाही. अडचण वेळेची. एक माणूस सगळं विकत घेतो आणि बाकीचे तासभर नुसते भाडं देत बसतात. म्हणून सुरुवातीलाच एका तासाचा गजर लावा. गजर झाला की जागांची किंमत आणि रोकड मोजा, जास्त ज्याची तो जिंकला.

नवीन खेळाचे नियम सगळ्यांसमोर वाचायचे नाहीत. एकानं आदल्या दिवशी वाचून एकट्यानं दोन फेऱ्या खेळून पाहायच्या. सांगताना आधी 'जिंकायचं कसं' ते सांगा, मग 'आपल्या पाळीला काय करायचं'. बारीकसारीक अपवाद प्रसंग आला की सांगा. पहिला डाव उघड्या पानांनी, गुण न मोजता खेळा.

काही खेळ घरी मराठीत करता येतात. कोडनेम्स नावाच्या खेळात पंचवीस शब्द मांडलेले असतात आणि दोन गट पडतात. जुन्या पत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर पंचवीस शब्द लिहा: चिंच, बंधारा, पाळी, पवना, दोरा, बुलेट, पुरण, वारी, जे सुचतील ते. एका वेगळ्या कागदावर, फक्त दोन्ही गटप्रमुखांना दिसेल असा, नकाशा काढा: सुरुवात करणाऱ्या गटाचे नऊ शब्द, दुसऱ्याचे आठ, कोणाचेच नसलेले सात आणि एक 'सुरुंग'. प्रमुखानं एक शब्द आणि एक आकडा एवढंच बोलायचं: 'नदी, दोन'. गटानं पवना आणि बंधारा ओळखले तर ठीक, पण सुरुंगावर बोट ठेवलं की गट हरला. इंग्रजी शाळेतली नातवंडं आणि मराठी शाळेत शिकलेली आजी एका गटात घाला. आजीच्या सूचना ऐकून मुलांचा शब्दसाठा कसा वाढतो ते पाहा.

रुसवा, शेरेबाजी आणि लबाडी

घरात खेळ बंद पडतो तो कंटाळ्यानं कमी, तोंडामुळे जास्त. 'अगं, तेव्हाच एक्का टाकायचा होतास' हे वाक्य चार वेळा ऐकलेला भिडू पाचव्या दिवशी बसत नाही. म्हणून दोन बंधनं ठेवा. चालू डावात कोणी विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. आणि डाव संपल्यावर चर्चा पुढची पानं पिसून होईपर्यंतच, वाटप सुरू झालं की बंद. नवरा-बायकोला पहिल्याच दिवशी भिडू करू नका. नात आणि आजोबा, सासू आणि जावई अशा जोड्या लावा. जिथे एरवी बोलणं बेतानं होतं, तिथे पत्त्यांवरून आपोआप होतं.

हरल्याचा राग येणं स्वाभाविक आहे, पानं भिरकावणं नाही. मूल चिडलं तर डाव थांबवून भाषण देऊ नका. त्याला पाणी आणायला पाठवा, परत आलं की पिसायला द्या. हरणाऱ्यानं पानं पिसून वाटायची ही आपली जुनी रीत चांगली आहे, कारण हरलेल्याला लगेच हाताला काम मिळतं. लबाडी करणारं मूल असेल तर त्याला चॅलेंज शिकवा. पानं पालथी टाकून थाप मारणं आणि थाप पकडणं हाच तो खेळ. तिथे ती हौस भागवून घेतली की बाकीच्या खेळांत सरळ वागायला सांगता येतं.

पैशाचं काय? घरात पैसे लावू नका, दहा रुपयेही नको. गुणांसाठी चिंचोके, काडेपेटीच्या काड्या किंवा काबुली चणे घ्या. कायदाही या बाबतीत फरक करतो. सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, तर तीन पत्तीसारखा खेळ निव्वळ नशिबाचा. पण मुलांसमोर प्रश्न कायद्यापेक्षा सवयीचा आहे. मोबाईलवर पैसे लावून खेळले जाणारे पत्ते कुठे नेतात याच्या गोष्टी औद्योगिक पट्ट्यात पुष्कळ ऐकू येतात. अशा पैशाच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं बंदीचा कायदा केला. तरुण मुलाला नुसतं 'पत्ते वाईट' असं सांगू नका. पत्ते आणि जुगार यांतला फरक त्याला घरच्या डावात दिसू द्या.

फ्लॅटमधली व्यवस्था

खेळायच्या तासात मोबाईल स्वयंपाकघरात, एका पातेल्यात. ज्याला कंपनीचा फोन येऊ शकतो, त्याचा एकट्याचाच बाहेर, आवाज चालू ठेवून. कॅरम असेल तर स्टँडवर ठेवा. फरशीवर ठेवलेल्या कॅरमचा आवाज रात्री खालच्या मजल्यावर स्ट्रायकरच्या प्रत्येक फटक्याला पोचतो. स्टँड नसेल तर खाली जाड सतरंजी घाला आणि दहाला आवरा. खाणं कोरडं द्या, फुटाणे किंवा चिवडा, तेही चमच्यानं. भज्यांचं तेल लागलेला कॅट आठवड्यात चिकटतो. पानं चिकटू लागलीच तर थोडी टाल्कम पावडर लावून कोरड्या कापडानं पुसा. एक पान हरवलं तर कॅट टाकू नका. जोकरवर पेनानं ते पान लिहून ठेवा, आणि तो कॅट लहान मुलांच्या जोड्यांच्या खेळासाठी काढून द्या.

पट आणि लाकडी सोंगट्या हव्या असतील तर पुण्याच्या तुळशीबागेत चक्कर मारा. कोकणात जाणं झालं तर सावंतवाडीला गंजिफा पाहा. हातानं रंगवलेली गोल पानं, दशावतारी संचात दहा रंग, प्रत्येकी बारा, एकूण १२०. तिथल्या राजघराण्यानं ही कला पुन्हा उभी केली. रोज खेळायला तो संच महाग आहे, पण पत्ते आपल्याकडे इंग्रजांच्या आधीपासून आहेत हे मुलांना हातात घेऊन कळतं.

दारं उघडा

घरात भिडू कमी पडत असतील तर शेजारी विचारा. आपल्या सोसायट्यांत देशभरातली कुटुंबं आहेत आणि खेळ ओळखीचे निघतात. उत्तरेकडचे शेजारी आपल्या मेंढीकोटासारखाच दश्श्यांचा खेळ 'दहला पकड' म्हणून खेळतात आणि पाच-तीन-दोनला 'तीन दो पाँच' म्हणतात. तेलुगू कुटुंबाला चौकाबारा दाखवलात तर त्यांना त्यात आपला अष्टा चम्मा दिसेल.

सोसायटीत बैठक घ्यायला कोजागरीसारखी रात्र नाही. त्या रात्री जागरण करून फाशांचा खेळ खेळायची रीत परंपरेतच आहे. आटीव दूध गॅसवर ठेवा आणि गच्चीवर चार-चार जणांची टेबलं लावा. हरला की बाहेर, अशी स्पर्धा ठेवू नका, कारण निम्मे लोक पहिल्या अर्ध्या तासात घरी जातात. त्याऐवजी दर तीन डावांनंतर भिडू बदला. प्रत्येकानं आपले जिंकलेले डाव स्वतःच्या चिठ्ठीवर लिहायचे. शेवटी सगळ्यांत जास्त ज्याचे तो विजेता. तोवर प्रत्येक जण निदान पाच-सहा नव्या शेजाऱ्यांशी खेळलेला असतो.

बैठक कोण बोलावणार?

हे सगळं करूनही एक गोष्ट राहते. 'वेळ मिळाला की खेळू' म्हटलं की वेळ मिळत नाही. म्हणून दर महिन्याला घरातल्या एकाला यजमान करा. बैठकीचा दिवस पाळ्यांचं वेळापत्रक पाहून तो ठरवेल, खेळ तो निवडेल, कोण कुठे बसणार आणि किती वाजता उठायचं हेही तोच सांगेल. एका बैठकीला एक तास पुष्कळ झाला. पहिली दहा मिनिटं बदाम सातसारखा हलका खेळ, मग चाळीस मिनिटं मुख्य खेळ, शेवटची दहा मिनिटं गुण मोजणं आणि आवरणं. 'आणखी एक डाव' अशी मागणी होत असताना उठा, कंटाळून उठू नका. पहिला यजमान घरातला सर्वांत धाकटा ठेवा. त्यानं गुलामचोर निवडला तर मोठ्यांनीही तक्रार न करता गुलामचोर खेळायचा. पुढच्या महिन्यात आजोबांनी मेंढीकोट लावला की तोही मन लावून शिकेल.